देवापुढं ओतलेला मिलो

माझा बाप वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकते. पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या घालाल, आणि बापाला शिव्या घालायचा हक्क माझा एकटीचा आहे.

सूर्यभान मास्तर त्यांचं नाव. राहुरी आणि श्रीरामपूरच्या मधे, डांबरी रस्त्यापासून दोन कोस आत आमची मेसवाडी. तिथल्या चर्चमध्ये बाबांनी छत्तीस वर्षं शास्त्र शिकवलं. पाळकसाहेब श्रीरामपुराहून महिन्यातून एकदा यायचे. बाकीचे रविवार बाबांचे. सगळं शास्त्र त्यांनी सतरा वेळा वाचलेलं. कुठला अध्याय कुठल्या पानावर, डाव्या का उजव्या, ते डोळे मिटून सांगायचे. शेतात मात्र उभ्या जन्मात पाय ठेवला नाही. कोवळी ज्वारी आणि कोवळा मका शेजारी ठेवला तर ह्यांना ओळखू यायचा नाही, असं माझी आई म्हणायची. तेही बाबा घरात नसताना.

त्यांचा एक शब्द ठरलेला होता: "कुठं लिहिलंय?" कोणी काही सांगायला गेलं की आधी हा प्रश्न. आईनं एकदा मीठ संपलं म्हणून सांगितलं, तर मिठावरचं प्रवचन ऐकून आम्ही दोन दिवस अळणी आमटी खाल्ली. नम्रतेवर बोलायला लागले तर बायका पदर डोळ्यांना लावायच्या. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, तो प्रसंग सांगताना ते स्वतः खाली वाकून दाखवायचे. आणि घरी आले की ओट्यावर बसून पाय पुढं करायचे, आई तांब्या घेऊन उभी! लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. पण तेव्हा मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. मी नगरच्या बोर्डिंगात दहावीपर्यंत शिकून आलेली, बावीस वर्षांची, आणि बापासारखीच शहाणी.

बाबांच्या वर्गात एक चांगुणामावशी होती. नवरा मेलेला, मूलबाळ नाही, दुसऱ्यांच्या रानात निंदणी-खुरपणी करून पोट भरायची. चार वर्षांपूर्वी तिनं बाप्तिस्मा घेतला होता. बाबांचा नियम असा की दहा आज्ञा तोंडपाठ झाल्याशिवाय प्रभुभोजनाला बसायचं नाही. चांगुणामावशीची गाडी चार वर्षं पाचव्या आज्ञेवर अडलेली. पाळकसाहेब आले की सगळे पुढं जाऊन भाकरीचा तुकडा घ्यायचे आणि ही मागं भिंतीला टेकून बसायची.

"चांगुणा, तुझ्या डोक्यात नुसती माती आहे," बाबा म्हणायचे.

"व्हय मास्तर. मातीतच जल्म गेला," ती म्हणायची, आणि सगळा वर्ग हसायचा.

एकदा बाबा निदणाचा दाखला शिकवत होते. शेतकऱ्यानं गहू पेरला, वैऱ्यानं रात्रीतून त्यात निदण टाकलं, आणि धनी म्हणाला, आता उपटू नका, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. बाबांनी त्याचा अर्थ फोडून सांगितला: बरंवाईट निवडणं देवाचं काम, आपण निवडायला बसलो की तो गर्व झाला. चांगुणामावशीनं हात वर केला.

"मास्तर, ते निदन दिसतं कसं? पान रुंद का बारीक?"

"पानाशी तुला काय करायचंय?"

"न्हाई, तन लई जातीचं असतंय. काई ठिवलं तरी चालतं. काई एक दिस ठिवून भागत न्हाई."

बाबांचा चेहरा क्षणभर कोरा झाला. छत्तीस वर्षं ते हा दाखला शिकवत होते आणि निदण म्हणजे नेमकं काय, ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मग ते म्हणाले, "तुला अर्थ शिकायला बसवलंय, गवत मोजायला नाही." पुन्हा वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसले. ते हसू आठवलं की आजही स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

ही गोष्ट बहात्तरच्या उन्हाळ्यातली. त्यानंतर पाऊस आलाच नाही. श्रावण कोरडा, भादवा कोरडा. दिवाळीपर्यंत गावातली अर्धी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. गुरं बाजारात जायची आणि कोणी विकत घेत नाही म्हणून परत यायची. रेशनला लाल मिलो मिळायचा, परदेशातून आलेली जाडीभरडी ज्वारी. त्याची भाकर घशाखाली उतरायची नाही, पण नावं ठेवायला तोंडात थुंकी तरी कुठं होती!

असल्या सालात सुगीचा सण कसला करायचा? पण बाबा हटून बसले. भरल्या शेतात कोणीही आभार मानतो म्हणाले, रिकाम्या शेतात मानायला विश्वास लागतो. खोटं बोलणार नाही, मला ते बोलणं फार आवडलं होतं.

आमच्या चर्चमध्ये सुगीच्या सणाची एक रीत होती. आदल्या दिवशी प्रत्येक घरातून धान्य यायचं आणि वेदीपुढं एका ढिगात ओतलं जायचं. त्यावर प्रार्थना व्हायची. मग ते दळून रविवारी पहाटे बायका भाकरी भाजायच्या आणि उपासना झाली की सगळ्यांचं प्रीतिभोजन. त्या सकाळी उपासनेआधी कोणी अन्नाला शिवायचं नाही. आणि एकदा प्रार्थना झाली की त्या धान्याला पुन्हा सूप लावायचं नाही. देवापुढं ओतलं ते निर्मळ झालं. निवडायला बसणं म्हणजे प्रार्थनेवर संशय. बायका धान्य घरीच निवडून, पाखडून आणायच्या, त्यामुळं ह्या रीतीनं कधी कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत घराघरांतून आलेलं धान्य एवढंसं झालं. ढीग कसला, एक ओंजळ म्हणा. शनिवारी दुपारी बाबा तोंड पाडून बसले होते, तेवढ्यात भिमाजीची बैलगाडी आली. भिमाजी चर्चची घंटा वाजवायचा, घराघरांतलं धान्य गोळा करायचं कामही त्याचंच. गाडीत मिलोचं भरलं पोतं होतं. बाजारातल्या कोणा आडत्यानं गोदाम झाडताना निघालेलं, गरिबांना म्हणून दिलं होतं. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. पोतं तसंच्या तसं ढिगावर ओतलं, गुडघे टेकले आणि प्रार्थना केली. कोणी सूप आणलं नाही. ते पोतं कुठल्याच घरातून आलेलं नव्हतं, म्हणजे कोणी निवडलेलंही नव्हतं, आणि हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

चांगुणामावशी चर्च झाडायला आली होती. झाडता झाडता ती ढिगापाशी बसली. मूठभर दाणे तळहातावर घेतले, फुंकले, बोटानं सारले.

"मास्तर," ती म्हणाली, "ह्यात धोतऱ्याचं बी हाय."

बाबांनी चष्मा लावला. तिच्या तळहातावर चार-पाच चपट्या तपकिरी बिया होत्या. लाल मिलोत त्या सहज दिसत नव्हत्या.

"मिरचीचं बी आहे हे. गोदामात मिरच्या असतील."

"मिरचीचं न्हाई. मी जल्मभर उपटतीया धोतरा. अन् मास्तर, दार सताड उघडं हाय. चिमण्या बगा, त्या वळचनीला बसल्यात. दुस्काळात चिमणी दाना सोडती व्हय?"

मी वर बघितलं. चिमण्या होत्या. एकही खाली येत नव्हती. तरी मी बाबांच्याच बाजूला उभी राहिले.

"प्रार्थना झालीये, चांगुणा," बाबा म्हणाले.

"मग निवडून घिऊ. मी अन् मास्तरीनबाई बसतो. दिवस मावळायच्या आत—"

"प्रार्थना झालेलं धान्य निवडावं, असं कुठं लिहिलंय ते दाखव."

अक्षरशत्रू बाई ती. काय दाखवणार? तिनं त्या बिया पदराच्या टोकाला बांधल्या. "मला वाचता येत न्हाई मास्तर. पन मला हे दिसतंय."

"तुला पाचवी आज्ञा येत नाही आणि मला शिकवतेस? दान आलंय. धर्माची गाय आणि दात का नाही, असं करू नये माणसानं."

तासाभरानं बाबांनी मला विचारलं, आई कुठं आहे. मी हसत हसत सांगितलं की चर्चच्या मागं चांगुणामावशीबरोबर चोरून सूप घेऊन बसली आहे. गंमत वाटली हो मला! बाबा मागं गेले, मी त्यांच्या पाठोपाठ. आईसमोर अर्धी पाटी मिलो होता आणि बाजूला बियांची लहानशी रास झाली होती. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी सुपावर हात ठेवला आणि म्हणाले, "केशर, तू सुद्धा?"

माझी आई केशरबाई. लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि तिनं कधी उलटून शब्द दिला नव्हता. तिनं सूप खाली ठेवलं. बाबांनी पाटी उचलली आणि त्या बियांसकट परत ढिगात ओतली. संध्याकाळच्या आत सगळं दळून आलं.

रविवारी सकाळी मी उठून चुलीशी आले. बायका भाजलेल्या भाकरी टोपल्यात भरून चर्चकडं निघाल्या होत्या. आई एकटीच चुलीपाशी बसून भाकर खात होती. नुसती कोरडी, पाण्याबरोबर.

"आई, आज उपासनेआधी?"

"भूक लागली गं," ती म्हणाली, आणि दुसरी भाकर घेतली. मग तिसरी. दुष्काळात आई कधी एक भाकर पुरी खायची नाही, अर्धी माझ्या ताटात टाकायची. मला राग आला. मनात म्हटलं, बघा, मास्तरांची बायकोच नियम मोडते.

घंटा झाली. चर्च भरलं. वेदीशेजारी टोपल्या झाकून ठेवल्या होत्या आणि सगळ्यांचं लक्ष तिकडंच. आई पहिल्या ओळीत, मी तिच्या शेजारी. बाबांनी प्रवचन सुरू केलं. थोड्या वेळानं आई ओठ चाटायला लागली. तिचा चेहरा लाल झाला होता, हात लागला तर तव्यासारखा तापलेला. मी हळूच विचारलं, बरं नाही का? तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत नुसत्या काळ्या बाहुल्या होत्या, बुबुळाचा रंगच उरला नव्हता. तिनं मला ओळखलं नाही.

आमच्यात प्रवचन चालू असताना कोणी उठत नाही, बोलत नाही. तान्हं पोर रडलं तरी आई त्याचं तोंड दाबते. आणि माझी आई उठून उभी राहिली. हवेतून काहीतरी चिमटीनं वेचायची आणि पदरात टाकायची. वेचायची आणि टाकायची. दीडशे माणसं बघत होती आणि एक जण हलला नाही. बाबांनी बघितलं. ते क्षणभर थांबले, आणि म्हणाले, "केशर, खाली बस. वचन पुरं होऊ दे."

आणि पुढं बोलत राहिले. मी आईचा पदर ओढून तिला बसवायला बघत होते. मी तिची पोरगी, आणि मला शिस्तीची पडली होती!

मागून आवाज आला. "मास्तर, गप बसा."

चांगुणामावशी मधल्या वाटेनं पुढं येत होती. बाबा थिजले. तिनं वेदीपाशी जाऊन पहिल्या टोपल्याला लाथ मारली, मग दुसऱ्याला. भाकरी फरशीवर पसरल्या. "कुनी हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. "लेकराच्या तोंडाला लावायचा न्हाई. मास्तरीनबाईंनी खाल्लंय. बगा त्यांच्याकडं." त्या दिवशी दीडशे माणसांतलं दुसरं कोणी दगावलं नाही, ते तिच्या ह्या चार शब्दांमुळं.

भिमाजीनं गाडी जुंपली. रस्त्यावर कारखान्याचा ट्रक मिळाला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं हिनं? बाबा म्हणाले, "भाकर." चांगुणामावशीनं पदराची गाठ सोडून बिया टेबलावर ठेवल्या. डॉक्टरांनी एकदाच बघितलं आणि नर्सला हाक मारली. पोट धुतलं, सलाइन लावलं. पण वेळ फार गेला होता, आणि अंगात वर्षभराच्या उपासमारीनं काही उरलं नव्हतं.

सोमवारी दुपारपर्यंत आई होती. हात थांबत नव्हते तिचे, वेचतच होती. बाबा तिचे हात धरायला जायचे आणि ती विनवायची, "थोडंसंच राहिलंय हो. निवडू द्या." तीस वर्षांत तिनं त्यांच्याकडं काय मागितलं असेल तर एवढंच. चार वाजता हात थांबले.

दवाखान्याच्या पायरीवर चांगुणामावशीनं मला सांगितलं. शनिवारी सूप खाली ठेवावं लागल्यावर आई तिला म्हणाली होती, "मास्तर कुनाचं ऐकायचे न्हाईत. म्या आधी खाती. मला वकाऱ्या झाल्या तर त्यांना दिसंल, अन् बाकीची माणसं वाचतील." फार तर उलट्या होतील, एवढंच वाटलं होतं तिला. चांगुणामावशी रडत होती. "म्या नगं म्हनले गं. पन हात धरून ठिवला न्हाई. माजं चुकलं." मी तिला धड बोललेही नाही. आतून नुसती जळत होते.

हे मी बाबांना सांगितलं नाही. दया म्हणून नव्हे. एक दिवस नेमक्या जागी मारायला हत्यार असावं म्हणून ठेवलं होतं.

त्यानंतर बाबा बदलले. प्रवचन बंद केलं. पाळकसाहेबांना सांगून चांगुणामावशीला प्रभुभोजनाला बसवलं; आज्ञा विचारूच दिल्या नाहीत. त्र्याहत्तरला पाऊस झाला तसे ते एक दिवस खुरपं घेऊन तिच्या दारात गेले आणि म्हणाले, "मला तण ओळखायला शिकव." साठीला आलेला माणूस, धोतर खोचून बायकांच्या ओळीत निंदायला बसला. पहिले आठ दिवस ज्वारीच उपटत होते. बायका तोंडात पदर धरून हसायच्या. चांगुणामावशी म्हणायची, "मास्तर, डोस्क्यात नुसती शाई हाय तुमच्या," आणि बाबा "व्हय" म्हणून पुन्हा बघायचे. रोज संध्याकाळी घरी येऊन स्वतःचे पाय स्वतः धुवायचे. मी तांब्या दिला नाही.

गाव म्हणायला लागलं, मास्तर नम्र झाले. देवाघरचा माणूस झाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. अरे, माझी आई देऊन घेतली ती नम्रता! एवढी महाग वस्तू सगळ्या गावात मिरवायला कशी देऊ मी?

चौऱ्याहत्तरच्या सुगीच्या सणाला पाळकसाहेबांनी निरोप पाठवला की सूर्यभान मास्तरांचा सत्कार करायचा. मरेपर्यंत शिकणारा माणूस कसा असतो ते पोरांना दाखवायचं. शनिवारी दुपारी मी तो निरोप वाचला आणि माझा ताबा सुटला.

"सत्कार घेणार तुम्ही?" मी म्हटलं. "मग ऐका. आईनं भुकेनं खाल्लं नाही. तुम्ही कोणाचं ऐकत नव्हतात, म्हणून जाणूनबुजून खाल्लं. तुम्हाला दाखवायला खाल्लं."

बाबा खाटेवर बसले होते. मला वाटलं होतं कोसळतील. ते कोसळले नाहीत.

"मला ठाऊक आहे, पुष्पा," ते म्हणाले.

"चांगुणामावशीनं सांगितलं?"

"नाही. केशरनंच सांगितलं. त्या सकाळी. तू उठायच्या आधी. भाकर हातात घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. म्हणाली, ह्यात विष आहे असं मला वाटतं. तुम्ही धान्य फेकून देता, का मी आधी खाऊन बघू?"

"मग?"

"मी म्हणालो, खा. विश्वासानं खा."

बाहेर कोणाची तरी शेळी ओरडत होती. बाबा माझ्याकडं बघत राहिले.

"वर्षभर लोक मला नम्र म्हणताहेत आणि मी ऐकून घेतोय. उद्या उभा राहून सांगणार आहे. एकट्याला धीर होत नाही. माझ्या शेजारी उभी राहशील?"

मी निरोपाचा कागद खाटेवर टाकला आणि बाहेर गेले.

रविवारी पाळकसाहेबांनी हार पुढं केला, तो बाबांनी हातानं बाजूला सारला आणि सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही, स्वतःचा "खा" सुद्धा नाही. भिमाजी उठून बाहेर गेला, त्याच्यामागं अजून काही माणसं गेली. उरलेली खाली बघत बसली. बाबांनी माझ्याकडं बघितलं, एकदाच. चांगुणामावशी मागून चालत आली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मी पहिल्या ओळीत होते, त्यांच्यापासून चार पावलांवर. मी बसून राहिले.